अष्टमीच्या संध्याकाळचे पाणी

पुरवणी जबाब
दिनांक ११ फेब्रुवारी २०२६

नाव : चंद्रप्रकाश शांताराम वराडकर
वय : ६९ वर्षे
धंदा : निवृत्त, पूर्वी विक्रोळीला कारखान्यात फिटर
राहणार : कन्नमवार नगर, विक्रोळी पूर्व. मूळ गाव आचरे, तालुका मालवण.

मी वरील पत्त्यावर पत्नी वनमाला, मुलगा सौरभ आणि नात प्रांजल यांच्यासोबत राहतो. मला पोलीस ठाण्याने बोलावलेले नाही. मी आपण होऊन आलो आहे. माझा मुलगा सौरभ आणि सून दिपाली यांचे जबाब गेल्या महिन्यात आपल्याकडे झाले. त्या दोन्ही जबाबांत एक गोष्ट राहून गेली आहे. ती माझ्यासमोर घडली असल्यामुळे मी हजर होऊन सांगतो की,

दिपालीचे माहेर गोराईचे. तिचे वडील रामनाथ तांडेल यांची मासेमारीची होडी होती. आई कमळबाई आजही बोरिवलीच्या बाजारात मासळी घेऊन बसतात. दिपाली बोरिवलीलाच दातांच्या दवाखान्यात काम करते. लग्न होऊन ती आमच्याकडे आली तेव्हा चौथ्या मजल्यावर भांडी घासता घासता मध्येच म्हणायची, "आता तिकडे पाणी भरलं असेल." मी एकदोनदा कॅलेंडरवर तिथी बघून पडताळून पाहिले. तिचे बरोबर असायचे. माझेही लहानपण आचऱ्याच्या खाडीवर गेले आहे. घरात हे कळणारा मी एकटाच, म्हणून ती मलाच सांगायची.

सौरभ आणि दिपाली यांचे का पटले नाही ते मी सांगू शकत नाही. ते सांगायला दोघांनी वकील दिलेले आहेत. मला दिसले ते एवढेच की तीन वर्षांपूर्वी रामनाथरावांच्या ऑपरेशनसाठी दिपाली गोराईला गेली, आणि परत आली तेव्हा सौरभने दाराचे कुलूप बदललेले होते. प्रांजल तेव्हा दुसरीत होती. शाळा विक्रोळीची म्हणून ती आमच्याकडे राहिली, ती अजून आहे.

निकाल लागेपर्यंत कौटुंबिक न्यायालयाने अशी व्यवस्था घालून दिली की दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी मुलगी सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत आईकडे राहील. देण्याघेण्याची जागा म्हणून बोरिवलीच्या बाजूचा धक्का ठरला, जिथून गोराईच्या होड्या सुटतात. सौरभला दिपालीचे तोंड बघायचे नसते, आणि दिपालीला आमच्या दारात यायची सोय उरलेली नाही, त्यामुळे ने-आण माझ्याकडे आली. सकाळी मुलगी आईच्या हाती द्यायची, दिवसभर बोरिवलीत कुठेतरी बसून वेळ काढायचा आणि संध्याकाळी मुलगी परत घ्यायची. वाटेत प्रांजल माझ्याशी फारसे बोलत नाही. जाताना बोलली तर खूश दिसेल आणि येताना बोलली तर घरी त्यावर प्रश्न येतील, हे तिला कळते. पाचवीतल्या मुलीला हे कळायला नको.

न्यायालयात मी जवळजवळ प्रत्येक तारखेला गेलो आहे. कधी यांचे वकील नसतात, कधी त्यांचे नसतात, कधी न्यायाधीश साहेबांची बदली झालेली असते. आपण डबा आणि पाण्याची बाटली घेऊन जायचे, बाकावर बसून डबा खायचा आणि परत यायचे. तिथल्या समुपदेशक नलिनीताई माणूस म्हणून चांगल्या आहेत. त्यांनी प्रांजलला एकटीला बसवून विचारले की तुला आईकडे का जायचे नाही. तिने दिलेले उत्तर त्यांनी नंतर आम्हा सगळ्यांसमोर वाचून दाखवले. "तिकडे माझ्या सर्वांगीण विकासात अडथळा येतो."

ताईंनी चष्मा काढला आणि सौरभला विचारले, "हे ती बोलली?"

सौरभ म्हणाला, "हो मॅडम. ती हुशारच आहे."

हेच वाक्य सौरभच्या अर्जात आहे. अर्ज टाइप झाल्यावर आणायला मीच गेलो होतो, म्हणून मला माहीत आहे. घरी हीच मुलगी आंघोळीचा कंटाळा आला की "पोटात कसंतरी होतंय" म्हणते. ताईंनी अहवालात लिहिले की मुलीच्या तोंडी मोठ्यांचे शब्द आहेत. दिपालीच्या वकिलांनी म्हटले, मुलीला शिकवून आणले आहे. सौरभच्या वकिलांनी म्हटले, शिकवते ती आई. मग पुढची तारीख पडली.

घरात कोणी तिला समोर बसवून पाठ करून घेतले असे मी पाहिलेले नाही. आमच्या घरात शिकवायची तऱ्हा वेगळी आहे. आमच्याकडे अबोला धरतात. हे पोलिसांच्या कामाचे नाही असे साहेबांना वाटेल, पण ते सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. माझी पत्नी हात उगारत नाही, शिवी देत नाही. रागावली की बोलणे बंद करते. ताट वाढते, कपडे धुते, मुलीची वेणी घालते, पण तोंडातून शब्द काढत नाही. काही सांगायचेच झाले तर तिसऱ्या माणसाकडे बघून सांगते. लग्नानंतर पहिला अबोला माझ्याशी होता. सौरभ बारावीत नापास झाला तेव्हा त्याच्याशी. दिपालीशी धरला तो एका गणपतीपासून दुसऱ्या गणपतीपर्यंत पोहोचला. आई ज्याच्याशी बोलत नाही त्याच्याशी सौरभही बोलत नाही. तेवढा तो आईच्या शब्दाबाहेर नाही.

मात्र अबोला एका वेळी एकाशीच असतो. दोघांशी धरला तर निरोप सांगायला घरात माणूस उरत नाही. नवा कोणी सापडला की जुना सुटतो. लग्न झाल्यापासून मी हे पाहत आलो आहे, यात कधी फरक पडलेला नाही.

डिसेंबरच्या चौथ्या शनिवारी प्रांजल गोराईहून येताना एक बरणी घेऊन आली. कमळबाईंनी तिच्याबरोबर सुका जवळा परतून दिला होता. आम्ही मालवणी माणसे, जवळ्याला नाक मुरडणारी नव्हे. त्या दिवशी घरात बांगड्याचे तिखलेच शिजलेले होते. वनमालाने बरणी उघडली आणि चमचाभर जवळा पानात वाढूनही घेतला. मला वाटले, बरे चालले आहे. तेवढ्यात प्रांजल बोलून गेली, "आजी, कमळआजी कांदा भरपूर घालते, म्हणून तिचा आपल्यापेक्षा छान लागतो."

तिथून प्रांजलशी अबोला सुरू झाला. बरणी जिना झाडणाऱ्या बाईला देऊन टाकली. जेवायच्या वेळी वनमाला माझ्याकडे बघून म्हणायची, "त्या चेडवाक सांगा, ताट वाढलला आसा." चेडू समोरच बसलेले असायचे. मी म्हणायचो, "प्रांजल, ताट वाढलंय." ती म्हणायची, "ऐकलं, आजोबा." सौरभ मोबाइलमध्ये बघत जेवायचा. दोन आठवडे घर असे चालले.

दिनांक १० जानेवारीला दुसरा शनिवार होता. सकाळी मी मुलगी धक्क्यावर दिपालीकडे दिली. संध्याकाळी सहाच्या आधीच मी त्याच जागी येऊन थांबलो. खाडी भरलेली होती. धक्क्याच्या खालच्या पायऱ्या पाण्यात गेलेल्या होत्या. होड्या नेहमीसारख्या ये-जा करत होत्या. दोन होड्या येऊन रिकाम्या झाल्या, त्यांत त्या दोघी नव्हत्या. तेवढ्यात सौरभचा फोन आला.

"आली?"

"अजून नाही."

"मला माहीतच होतं. बाबा, तुम्ही तिथून हलू नका."

मी हललो. पुढच्या होडीत बसून पलीकडे गेलो.

गोराईच्या धक्क्यावर होड्या बांधायच्या खांबाला पाठ लावून प्रांजल खाली बसलेली होती. बॅग मांडीवर घट्ट धरलेली होती. दिपाली तिच्यासमोर उकिडवी बसून जे बोलत होती ते मी माझ्या कानांनी ऐकले. "बाय, ऊठ ना गं. सहा वाजून गेले. आजोबा तिकडे थांबलेत. आज उशीर झाला तर मला परत देणार नाहीत गं तुला."

प्रांजल म्हणाली, "मी नाही जाणार. तिकडे माझ्याशी कोणी बोलत नाही."

दिपालीने मला पाहिले आणि उठली. "बाबा, बघा ना. दोन होड्या सोडल्या. ओढून नेऊ का हिला?"

मी ओढू नको म्हणालो. मी प्रांजलशेजारी बसलो. माझे गुडघे दुखतात, पण तिथे दुसरे काही करण्यासारखे नव्हते. ती मला म्हणाली, "आजोबा, आज आजी बोलेल का?" हो म्हणून टाकावे असे मनात आले होते, पण मी खोटे बोललो की तिला लगेच कळते.

सौरभचा परत फोन आला. मी त्याला म्हणालो, "अरे, पोर उठत नाही. नको म्हणते."

तो म्हणाला, "तिनेच शिकवलंय. बाबा, तुम्ही मध्ये पडू नका ना, प्लीज. मी पोलिसांना फोन केलाय."

थोड्या वेळाने गोराईच्या बाजूचे दोन शिपाई आले. त्यांना पाहिल्यावर प्रांजल आपण होऊन उठली आणि तिने माझा हात धरला. हे नीट लिहून घ्यावे. ती आईच्या सांगण्यावरून उठली नाही, माझ्याही नाही, पोलीस पाहून उठली. मग एक शिपाई, मी, दिपाली आणि प्रांजल, असे सगळे होडीनेच खाडी ओलांडून इकडे आलो. उतरताना शिपायाचे बूट पाण्यात भिजले, कारण खालची पायरी पाण्यात होती.

ठाण्यात सौरभ त्याच्या आईला घेऊन आधीच पोहोचलेला होता. टेबलावरच्या साहेबांनी मुलीला प्रेमाने विचारले, "बाळा, वेळेवर का नाही आलीस?"

प्रांजलने आजीकडे पाहिले. मग म्हणाली, "आईने सोडलं नाही."

दोन आठवडे एक शब्द न बोललेली वनमाला उठली आणि तिने पदराने मुलीचे तोंड पुसले. "दमलंस गो माझ्या बाये? भूक लागली मा?" अबोला तिथे सुटला. प्रांजल रडायला लागली. तिला आईने डांबून ठेवले म्हणून ती रडते आहे असे ठाण्यातल्या सगळ्यांना वाटले. ती का रडत होती ते त्या खोलीत दोनच माणसांना माहीत होते. एक मी आणि दुसरी दिपाली.

मग दिपालीला विचारले की उशीर का झाला. तिला फक्त घडले ते सांगायचे होते. मुलगी स्वतः म्हणते की मला परत जायचे नाही, एवढे एक वाक्य तिचे वकील तीन वर्षे शोधत आहेत. साक्षीला मी समोर बसलेला होतो. दिपालीने मुलीकडे पाहिले. मुलगी आजीच्या कुशीत होती.

दिपाली म्हणाली, "ओहोटीचा अंदाज चुकला, साहेब. होडी धक्क्याला लागेना."

"मुलगी काही म्हणाली का?"

"नाही. मुलगी काहीच म्हणाली नाही."

आमच्याबरोबर आलेल्या शिपायाने तिच्याकडे पाहिले, मग आपल्या ओल्या बुटांकडे पाहिले. तिने सांगितले तसे लिहून घेतले गेले. मला कोणी विचारले नाही आणि मीही बाकावरून उठलो नाही.

एरवी महिनोन्महिने न लागणारी तारीख या वेळी मात्र लगेच लागली. सौरभचे वकील भरती-ओहोटीचे छापील वेळापत्रक घेऊन आले होते. ते म्हणाले, "कोळ्याची मुलगी सांगते ओहोटीचा अंदाज चुकला. त्या वेळी खाडीला भरती होती. जी बाई पोलिसांसमोर इतकं सरळ खोटं बोलते तिच्याकडे मूल कसं पाठवायचं?" दिपालीच्या वकिलांनी तिच्याकडे वळून पाहिले. ती खाली मान घालून उभी राहिली. शनिवार बंद झाले. आता महिन्यातून एकदा न्यायालयाच्या इमारतीत, खेळणी ठेवलेल्या खोलीत, नलिनीताईंच्या नजरेसमोर एक तास भेट आहे. तीही थांबवावी असा सौरभचा अर्ज आहे आणि त्यावर येत्या सोमवारी सुनावणी आहे. तो मंजूर झाला तर दिपालीची आणि मुलीची भेट संपली.

वकील बरोबर बोलले. त्या दिवशी अष्टमी होती. अष्टमीला संध्याकाळी खाडी भरलेली असते. शिवाय पाणी भांगाचे, म्हणजे ओसरले तरी अमावास्या-पौर्णिमेसारखे तळ दिसेपर्यंत ओसरत नाही. गोराईतल्या शाळकरी मुलालाही हे ठाऊक असते. दिपालीला तर विक्रोळीच्या ओट्याशी उभे राहून कळायचे. तिचा अंदाज चुकला हे खरे असेल तर मी आयुष्यात हातात पाना धरला नाही हेही खरे.

वकिलांना तिचे खोटे दिसले, पण ती ते कोणासाठी बोलली ते दिसले नाही. तिने खरे सांगितले असते तर जबाबाची प्रत आमच्या घरी आली असती, आणि "मी नाही जाणार" हे मुलीच्या नावावर कायमचे लिहिलेले राहिले असते. नुकताच अबोला सुटलेली मुलगी तिच्या डोळ्यांसमोर होती. आमच्या घरातल्या अबोल्यात तिने स्वतः एक वर्ष काढलेले आहे. मुलीशी घरातले बोलत राहावेत म्हणून तिने आपले शनिवार देऊन टाकले. घाईत दुसरे काही सुचले नाही, म्हणून लहानपणापासून जे जवळचे तेच तिने पुढे केले. मला त्या बाईपुढे लाज वाटते. हे लिहून घ्यायला हरकत नसावी.

हे तेव्हाच का सांगितले नाही असे साहेबांनी विचारल्यावरून सांगतो की, पोरीशी घर बोलायला लागले आहे, ते मोडू नये असे मला वाटले. ते मोडले आहे. जानेवारीच्या चौथ्या शनिवारी प्रांजल सवयीने सकाळी आंघोळ करून, बूट घालून दाराशी बसली आणि तिने विचारले, "आज नाही का जायचं?" तेवढ्यावरून परत अबोला धरला गेला, तो आजपर्यंत चालू आहे. काल ती शाळेतून आली तेव्हा मी आतल्या खोलीत पडलो होतो. वनमाला ओट्याशी होती. मधे निरोप सांगायला कोणी नव्हते. प्रांजलने डबा ओट्यावर ठेवला आणि भिंतीकडे बघून म्हणाली, "डबा संपलाय म्हणून सांगा." ते ऐकल्यावर मी इथे यायचे ठरवले.

माझी विनंती आहे की मुलीला बोलावून याबद्दल विचारू नये. विचारले तर ती असे काही झाले नाही म्हणेल, आणि तेवढ्यावरून तिला कोणी खोटी म्हणू नये. मी जे सांगितले ते माझे ऐकलेले आहे, त्याची जबाबदारी माझी. दिपालीला मी विचारून आलेलो नाही. तिने जे झाकले ते मी उघडे केले, हे तिला आवडणार नाही. तिला सांगावे की बाबांनी पुढचा विचार केलेला आहे.

साहेब म्हणाले, "आजोबा, या वयात घरी त्रास होईल तुम्हाला. आम्ही जबाब कोर्टात पाठवू, घरी इतक्यात कळवत नाही." मला तसे नको आहे. सौरभचा नंबर त्याच्या जबाबावर आहे. त्याला आजच फोन करावा, आणि संध्याकाळची ताटे वाढण्याआधी कळले तर फार बरे. एकदा कळले की वनमाला माझ्याशी बोलणार नाही आणि सौरभही बोलणार नाही. मला जेवायला ऊठ म्हणून सांगायला त्यांना कोणीतरी लागेल. घरात आता प्रांजलच उरते. तिच्याशी त्यांना बोलावेच लागेल.

वरचा मजकूर मला सावकाश वाचून दाखवला. मी बोललो तसाच तो उतरला आहे. मला हे कोणी शिकवलेले नाही.

सही
चंद्रप्रकाश शांताराम वराडकर